मालिश २२ वर्षं दिली, कुशीवरची एकदाच घेतली

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालिशीचा कोर्स करून दोन वर्षं झालेली एक मुलगी नाशिकरोडला घरच्याच एका खोलीत काम करते. तिच्याकडे आता गरोदर बायका येऊ लागल्या आहेत. त्यांना पालथं झोपवता येत नाही म्हणून ती कुशीवर घेते. पण तिचे हात पुरत नाहीत, तिचीच कंबर भरून येते, आणि बायका ‘छान झालं’ म्हणून जातात ते तिला खरं वाटत नाही. पोटासाठी मधे भोक ठेवलेलं टेबल मिळतं, ते घेऊ का? आणि कुशीवरची मालिश म्हणजे पालथं होता येत नाही म्हणून चालवून घ्यायची गोष्ट आहे का?

तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. टेबलाचं उत्तर आधी देऊन टाकते: घेऊ नकोस. का ते पुढे येईल. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण गेल्या वर्षीपर्यंत मला कुणी हे विचारलं असतं तर मी मनातल्या मनात ‘हो, चालवूनच घ्यायची’ असं म्हटलं असतं.

मी इंदिरानगरला काम करते, या कामात २२ वर्षं झाली. सुरुवात पंचवटीत घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि बाळांची अंघोळ-मालिश करण्यापासून झाली. टेबल नंतर आलं, आणि गरोदर बायका त्याहून नंतर. तेव्हा आमच्याकडे पोटुशी बाईला तेलाचा हात लावायचा नाही असंच मानायचे. जे काही कोडकौतुक व्हायचं ते बाळंत झाल्यावर, शेक-शेगडी-धुरीसकट सव्वा महिना. आता दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत दिवसभर हात वर करून घड विरळणाऱ्या बायका येतात, अंबडच्या कंपन्यांत उभ्याने शिफ्ट करणाऱ्या येतात, कॉलेज रोडच्या लॅपटॉपवाल्या येतात. सातव्या महिन्यात सगळ्यांचं दुखणं मात्र एकच: कंबर, माकडहाडाच्या दोन्ही बाजू, आणि रात्री कूस बदलताना खुब्यात निघणारी कळ. या सगळ्यांना मी कुशीवर घेत आले. स्वतः त्या टेबलावर कुशीवर एकदाही पडले नव्हते. आचाऱ्याने आपल्या हातचं कधी चाखूच नये, तसलाच प्रकार.

गेल्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली. गाठी होत्या, बरेच महिने अंगावर काढलं, शेवटी पोट उघडूनच ऑपरेशन झालं. टाके सुकले, पण त्यांना सांभाळत पुढे वाकून चालायची सवय लागली आणि तीन महिन्यांत कंबरेचा दगड झाला. डॉक्टर म्हणाल्या, मालिश चालेल, पोटावर दाब नको. पालथं पडायची कल्पनाही नको वाटत होती. मखमलाबाद नाक्याजवळ माझी एक जुनी विद्यार्थिनी काम करते. तिला फोन केला तर म्हणाली, “या ना ताई, सातव्या महिन्याच्या बाईला घेते ना, तशीच तुम्हाला घेते.” मला हसूच आलं. वय ५१, पिशवी काढून टाकलेली, आणि आता गरोदरपणाची मालिश.

डिसेंबर होता. नाशिकची थंडी तुला काय सांगायची. तिच्या खोलीतली खोबरेलाची बाटली गोठून पांढरी झाली होती. तिने तिळाचं तेल गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलं होतं. मी टेबलावर चढायच्या आधी तिने माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी पाहिल्या, हाताची पाठ लावून गरम-थंड बघितलं. हे मीच तिला शिकवलेलं, तरी मी म्हणाले, “अगं, माझं काय बघतेस?” ती म्हणाली, “ऑपरेशन झालंय ना? मग आधी बघणार.” बरोबर होतं तिचं. मोठ्या ऑपरेशननंतर आणि गरोदरपणात, दोन्ही वेळा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. माझ्या बाबतीत तोच प्रश्न होता, फक्त वेगळ्या दाराने आलेला.

मग उशा. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तिला उशा लावायला आठ-नऊ मिनिटं लागली. मी आजवर हे काम दोन-तीन मिनिटांत उरकत आले, वर ‘जरा थांबा हं, झालंच’ असं म्हणत. उशा लावणं म्हणजे मालिशीच्या आधीची झाडलोट, असाच माझा समज. बाई पैसे देते ते हातांचे, उशांचे नव्हे. त्या दिवशी मी डाव्या कुशीवर पडले. ती एकेक उशी सरकवत गेली आणि प्रत्येक उशीबरोबर अंगातला एकेक पहारेकरी खाली बसत गेला. तेलाचा थेंबही लागला नव्हता तेव्हा माझी कंबर अर्धी सुटली होती.

डोक्याखालची उशी आधी. खांद्यापासून कानापर्यंत जेवढं अंतर, तेवढी तिची उंची. मान वर-खाली न झुकता पाठीच्या रेषेत हवी. रुंद खांद्यांच्या बाईला एक उशी पुरत नाही, आणि आपण सगळ्यांना एकच देतो.

मग पायांमधला लोड. वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे, खालचा जवळजवळ सरळ. मी गुडघ्याखाली जाड उशी आणि घोट्याखाली जे हाताला लागेल ते देत असे, त्यामुळे पाऊल गुडघ्यापेक्षा चार बोटं खाली. चार बोटांनी काय होतंय, असं वाटायचं. तिने आधी नेमकं तसंच केलं, माझ्याच शिकवणीप्रमाणे, आणि मला पहिल्यांदा कळलं की पाऊल खाली गेलं की मांडी बाहेर वळते, खुबा ओढला जातो आणि ती ओढ थेट माकडहाडाच्या बाजूला जाऊन बसते. म्हणजे जिथे दुखतं म्हणून बाई आली तिथेच. मी तिला सांगितलं, तिने घोट्याखाली घडी घातलेला टॉवेल वाढवला, आणि ओढ गेली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत पाय टेबलाला समांतर हवा. रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे गरोदर बाईच्या कंबरेखालचे सांधे आधीच सैल असतात, तिला ही ओढ माझ्यापेक्षा जास्तच जाणवत असणार. आणि त्या बिचाऱ्या मला सांगत काय होत्या? ‘छान झालं.’

छातीशी कवटाळायला एक उशी, म्हणजे वरचा हात पुढे गळून पडत नाही आणि पाठीचा वरचा भाग उघडा राहतो. कंबरेच्या खोबणीत, शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्यामधे, हातरुमालाएवढ्या टॉवेलची गुंडाळी. ही मी कधी कुणालाच दिली नव्हती. तिने ती कुठून उचलली विचारलं तर म्हणाली, एका पेशंटनेच सांगितलं, घरी ती ओढणीची गुंडाळी घालून झोपायची.

शेवटी तिने एक पातळ, कापसाची, मऊ उशी घेतली आणि माझ्या पोटाखाली सरकवली. सातव्या महिन्याच्या बाईला देतात तशी, तिरकी, पोटाचं वजन टेबलावर यावं म्हणून. मी म्हणाले, “ही कशाला? तिथे आता काही नाहीये.”

ती म्हणाली, “पोट आहे ना.”

मी काही बोलले नाही. आपल्या भाषेत कूस म्हणजे अंगाची बाजू आणि कूस म्हणजे गर्भही. एखादीला दिवस गेले की कूस उजवली म्हणतात. त्या एका शब्दात मी तेव्हा दोन्ही अर्थांनी आडवी पडले होते. ती उशी पोटाखाली आली आणि टाक्यांची जागा, जी मी तीन महिने मुठीसारखी आवळून धरली होती, तिच्याखाली काहीतरी आलं. याहून जास्त मला सांगता येणार नाही. तू मात्र हे लक्षात ठेव, की ही उशी फक्त मोठ्या पोटासाठी नसते. बाळंत झालेल्या, सिझेरियन झालेल्या, पिशवी काढलेल्या बाईलाही दे.

आता ‘छान झालं’चा मामला.

साधारण पंधराव्या मिनिटाला माझा खालचा, डावा खांदा चेपून मुंग्या यायला लागल्या. तेवढ्यात तिने विचारलं, “सगळं ठीक ना, ताई?” आणि मी म्हणाले, “हो, मस्त.” मी. जिने बावीस वर्षं लोकांना ‘काही दुखलं तर लगेच सांगा’ म्हणून बजावलं, ती मी. का म्हणाले? एक तर त्या क्षणी बोलायचा कंटाळा आला होता. दुसरं म्हणजे तिचा हात पाठीवर छान लयीत चालला होता, तो थांबवायचा नव्हता. तिसरं, तिला वाईट वाटू नये. आपल्या बायकांना कुणाचीही सेवा घेताना अवघडायला होतं, त्यात ती गरोदर असेल, सोबत सासू आली असेल, बाहेर नवरा स्कूटरवर थांबला असेल, तर ती ‘हो’च म्हणणार.

पाच मिनिटांनी ती पुढे आली, माझ्या डाव्या हाताची बोटं दाबून पाहिली आणि म्हणाली, “हो म्हणू नका. हाताला मुंग्या आहेत की फक्त जड आहे?” मग तिने माझ्या खांद्याखाली हात घालून फऱ्याचं हाड हलकेच पुढे ओढून घेतलं, म्हणजे अंगाचा भार खांद्याच्या टोकावर न येता पाठीच्या कडेवर आला. एका ओढीत मुंग्या बंद.

तेव्हा ‘ठीक ना’ विचारूच नकोस. दोनातलं एक निवडायला लाव: खालचा हात जड आहे की मुंग्या आहेत, पाऊल उंच हवं की खाली, इथे दाब कमी करू की इथेच थांबू. अशा प्रश्नाला ‘मस्त’ म्हणता येत नाही. आणि खालचा खांदा बाईने सांगायची वाट न पाहता, ती पडली की लगेच पुढे ओढून घे. पालथ्या माणसाचं तोंड टेबलाच्या भोकात असतं. आपल्याला चेहरा दिसत नाही, त्यालाही आपण दिसत नाही, आणि दोघंही त्या आडोशाला सरावलेले असतात. कुशीवर चेहरा उघडा असतो. भुवई आवळली, जबडा घट्ट झाला, श्वास अडला, सगळं दिसतं, फक्त बघायला हवं. मी इतकी वर्षं पाठीमागे उभी राहून पाठीकडे बघत होते. तुला जे खरं वाटत नाही ना, ते त्या चेहऱ्याला विचार.

(एक गोष्ट सांगू का, कुशीवर माणूस झोपला की तोंडातून लाळ गळते. माझीही गळली, उशीचा अभ्रा ओला झाला. तिने काही न बोलता गालाखाली पंचा सरकवला. तू पहिल्यापासूनच तिथे पंचा अंथरत जा, बाईला ओशाळं व्हायला नको.)

हात पुरत नाहीत त्याचं काय. पालथ्या माणसावर आपण वरून वजन टाकतो. कुशीवर ते वजन आडवं जातं, म्हणून हात आणि खांदे जोर लावतात आणि आपलीच कंबर भरते. पहिली गोष्ट, टेबल खाली घे. कुशीवर माणूस खुब्या-खांद्याच्या रुंदीएवढा उंच होतो. पालथ्या माणसासाठी लावलेल्या उंचीवर तू काम करत असशील तर तुझे खांदे कानाला लागत असणार. तुझं टेबल खालीवर होत नसेल तर सरळ जमिनीवर जाड गादी घाल आणि गुडघ्यांवर बसून काम कर. पंचवटीतल्या जुन्या मालिशवाल्या कुठे टेबलं घेऊन फिरायच्या? चटईवर बाळंतिणीला घ्यायच्या, स्वतः पाय पसरून शेजारी बसायच्या आणि मधेच म्हणायच्या, ‘हं, आता कूस बदल गं.’ फक्त सातव्या-आठव्या महिन्याच्या बाईला जमिनीवरून उठताना धरायला तू दोन्ही हातांनी तयार राहा.

दुसरं, बसून काम कर. माझी विद्यार्थिनी माझ्या पाठीमागे चाकाच्या स्टुलावर बसली होती, पाय फाकवून जमिनीवर घट्ट. जोर पायांतून येत होता, हात नुसता टेकलेला. कोपरापासून मनगटापर्यंतचा सपाट भाग तिने माझ्या खुब्याच्या वरच्या कडेला ठेवला आणि माझ्या श्वासाबरोबर एवढा हळू सरकवला, की तो थांबलाय की चाललाय कळत नव्हतं. खरं सांगते, खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू, आणि शेवटच्या बरगडीपासून खुब्यापर्यंत उभा जाणारा कंबरेचा स्नायू, यांच्यापर्यंत पालथ्या माणसात इतकं सरळ पोचता येत नाही. पालथं असताना ते कडेला राहतात. कुशीवर ते वर येतात, ताटात वाढल्यासारखे. आणि गरोदर बाईचं दुखणं नेमकं त्यांच्यातच असतं, कारण पोट पुढे गेल्यावर चालताना तोल सांभाळायचं काम त्यांच्यावर पडतं. म्हणजे ज्याला मी चालवून घेणं समजत होते, तीच या दुखण्यासाठी जास्त योग्य पद्धत निघाली. पाठीच्या वरच्या भागाला पालथं बरं, हे मी मान्य करते. कंबर-खुब्याला नाही.

तिसरं, ढकलू नको, ओढ. कण्याच्या खालच्या बाजूचा, म्हणजे टेबलाकडचा स्नायू ढकलायला गेलीस तर मनगटं जातील. बोटं वळवून, कण्याच्या पलीकडून आपल्याकडे ओढून घे आणि स्वतः मागे रेल. उरलेलं दुसऱ्या कुशीवर मिळेलच.

दाब किती, हे बाईच्या ‘जरा जोरात’वर सोडू नकोस. पाठ, खुबा, खांदे यांना चांगला, भरीव दाब चालतो. मांडीची आतली बाजू आणि पोटरी इथे नुसता तळहात फिरव, बोटं रुतवू नकोस. गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते, ती बाळंतपणानंतरही काही आठवडे राहते, आणि गुठळी होते ती बहुतेक वेळा डाव्या पायात. एकच पाय सुजलाय, दुखतोय, गरम लागतोय, लाल दिसतोय, तर मालिश नाही. तेल बंद करायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं.

मी आणखी कुणाला परत पाठवते तेही सांगते. विसाव्या आठवड्यानंतर ज्या बाईचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली दुखतंय, तोंड आणि हात अचानक सुजलेत. पायाची संध्याकाळची सूज सगळ्यांनाच असते, ती वेगळी. माझ्याकडे बीपीचं मशीन आहे, १४०/९० किंवा वर दिसलं तर मी हात लावत नाही. अंगावर रक्त जातंय, पाणी जातंय, ताप आहे, दिवस भरायच्या आत पोट थांबून-थांबून कडक होतंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, यांपैकी काही असेल तरी नाही. पहिले तीन महिने मी कुणाला घेत नाही. मालिशीने गर्भ पडतो म्हणून नव्हे. जे गर्भपात होतात त्यातले बहुतेक त्याच काळात होतात, आणि एखादीचा झाला तर ती आयुष्यभर त्या मालिशीला, म्हणजे स्वतःलाच, बोल लावत बसेल. ते मला नको. आणि नवीन बाईला तिच्या डॉक्टरला विचारून ये म्हणून सांगायला लाजू नको, त्याने गिऱ्हाईक तुटत नाही.

आता ते भोकाचं टेबल. ऐकायला छान वाटतं, पालथं पडलं आणि पोट भोकात मावलं. पण एरवी ६०-७० ग्रॅमची पिशवी दिवस भरताना जवळपास किलोभर होते, वर बाळ, वार, पाणी. ते सगळं भोकातून खाली लोंबतं आणि पिशवीला धरून ठेवणाऱ्या बंधांवर ओढ येते, ज्यांच्या ओढीमुळे आधीच जांघेत कळा येतात. भोक एकच, पोटं मात्र प्रत्येकीची वेगळी, प्रत्येक महिन्याला वेगळी. खाली पट्टा लावला तर पोट दाबलं जातं, नाही लावला तर लोंबतं. छातीही या दिवसांत दुखरी असते, तिच्यावर भार येतो. आणि उताणं झोपवणं हा पर्यायही पाचव्या महिन्यानंतर नको: पिशवीचं वजन पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने जाणाऱ्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, बाईला गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो. डोक्याकडची बाजू चांगली उंच करून थोडा वेळ बसतं-रेलतं घेतलेलं चालतं, मी पाय आणि हात तसेच करते.

टेबलाचे पैसे वाचतील त्यातले थोडे पिंजाऱ्याकडे घेऊन जा. जुना कापूस पिंजून, घट्ट भरून लोड करून घे. गरोदर बायकांसाठी म्हणून मोठ्या वळणाच्या फोमच्या उशा विकतात, त्या झोपायला ठीक, पण आपण दाब दिला की दबतात आणि पाय पुन्हा खाली जातो. कापसाचा लोड तसूभर हलत नाही. मला साताठ नग लागतात: दोन लोड, तीन उशा, एक पातळ पोटाची, आणि टॉवेलच्या गुंडाळ्या.

चादरीबद्दल एकच. कुशीवर पाठीमागून चादर सुटते आणि वारा थेट कंबरेला लागतो. आपण हात चोळून गरम असतो, आपल्याला पत्ता नसतो. माझी दहा मिनिटं नुसती थंडीने आखडण्यात गेली. पाठीचा जेवढा भाग करतेस तेवढाच उघडा ठेव, चादरीची कड खुब्याखाली खोच, आणि काम झालं की त्या भागावर जाड पासोडी टाक. ज्या बायकांना कपडे काढायला संकोच वाटतो त्यांना मागून उघडणारा सुती गाऊन दे, त्यातूनही सगळं नीट होतं.

डावी कूस की उजवी, हे तू विचारलं नाहीस, पण पुढची बाई नक्की विचारेल. पिशवीचा भार त्या मोठ्या शिरेवरून हटतो म्हणून डावी जास्त बरी म्हणतात. तासाभराच्या कामात दोन्ही कुशींवर घेता येतं. उजवीवर तिला गुदमरलं किंवा मळमळलं तर लगेच डावीवर. घरी रात्री कुठल्याही कुशीवर झोपली तरी चालतं, शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपू नये एवढंच. डावीवरून चुकून कूस बदलली म्हणून रात्रभर जागणाऱ्या बायका येतात माझ्याकडे, त्यांना हे आवर्जून सांग.

कूस बदलवताना पाठीवरून लोळवू नको. गुडघे जुळवून, कोपरावर रेलून आधी उठवून बसव, मिनिटभर पाय खाली सोडू दे, मग दुसऱ्या बाजूला. मला तिने असंच उठवलं. बसल्यावर गरगरलं तेव्हा तिचा हात पाठीवरच होता. तिने माझ्या डाव्या कुशीला चाळीस मिनिटं दिली आणि उजवीला वीस, आणि त्या वीस मिनिटांत मला थोडं फसवल्यासारखं वाटलं, हेही सांगून ठेवते. दुखणं एका बाजूला असलं तरी दुसरीलाही वाट बघायला लावलेली असते. निदान पंचवीस-तीस दे.

आता तू एक कर. कुणा मैत्रिणीला, जावेला बोलाव आणि आपल्याच टेबलावर डाव्या कुशीवर पड, तू लावतेस तशाच उशा लावून घे, आणि मालिश न घेता नुसती अर्धा तास पडून राहा. खालचा खांदा कितव्या मिनिटाला बोलायला लागतो आणि पाऊल कुठे ओढतं ते बघ. त्यानंतरच पिंजाऱ्याकडे जा, आणि लोडाची लांबी गुडघ्यापासून टाचेच्या पलीकडे वीतभर मोजून दे. माझा पहिला लोड आखूड शिवला गेला. तो आता वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी असतो.